साबणाचा किस आणि स्वयंपाकघरातलं सामान

कोल्ड प्रोसेसने, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी न शिजवता मिसळून, घरी केलेला साबण मेणासारखा वितळत नाही. बाजारात वितळवून साच्यात ओतायचा जो साबण मिळतो त्यात ग्लिसरीन आणि इतर द्रावक जास्तीचे घातलेले असतात, म्हणून तो पाण्यासारखा पातळ होतो. आपल्या वड्यांचं तसं नाही. त्या किसून, थोडं पाणी घालून मंद आचेवर ठेवल्या की फुगतात, मऊ पडतात आणि कुस्करलेल्या उकडलेल्या बटाट्यासारखा गोळा होतो. यालाच रीबॅचिंग म्हणतात. गोळा ओतण्याइतका पातळ होईल या आशेवर पाणी घालत राहणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. ते सगळं पाणी नंतर वाळताना वड्या वाकड्या करून बाहेर पडतं.

एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात पक्की बसवायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पहिल्यांदा साबण करताना मिश्रणात जागृत कॉस्टिक सोडा असतो. त्यात पडलेलं दूध, मध, फळाचा गर, सगळं तो भाजून काढतो, रंग बदलतो, सुगंध घालवतो. रीबॅचच्या भांड्यात कॉस्टिक जवळपास संपलेला असतो. त्यामुळे नाजूक वास आणि दुधाचा फिका रंग इथे बराच टिकतो. पण त्याच कारणाने ओला गर, सालं, पानं यांना मोडून टाकणारंही कोणी उरत नाही. जे घालाल ते थोड्याफार फरकाने तसंच राहतं, आणि जे बाहेर कुजलं असतं ते वडीतही कुजतं.

कोणता घाणा पुन्हा घ्यायचा? तेल वेगळं सुटलेला, रंग डागाळलेला, एखादं तेल घालायला विसरलेला, कडेचे तुकडे जमलेले, हे सगळे चालतात. खवट वास येणारा किंवा नारिंगी ठिपके पडलेला साबण घेऊ नका. ते तेल खराब झाल्याचं लक्षण आहे. किसून मिसळलं की खवटपणा नव्या वड्यांत पसरतो. बाजारातल्या अंघोळीच्या वड्यांचे तुकडेही यात टाकू नयेत. त्यांतल्या काही साबण नसतातच, डिटर्जंटच्या असतात, आणि त्या नीट मिळून येत नाहीत.

किसण्याआधी कॉस्टिक जास्त झालंय का ते बघा. ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला हलकेच टेकवायचं. नुसती साबणाची चव आली तर ठीक. बॅटरीला जीभ लावल्यासारखा झटका बसला तर कॉस्टिक मोकळं आहे. लगेच चूळ भरा. आम्ल-अल्कली मोजायच्या पीएच पट्टीवर फार विसंबू नका. चांगल्या साबणाचाही पीएच ९ ते १०च्या आसपास असतो आणि साबणावर पट्ट्या अनेकदा चुकीचा रंग दाखवतात.

कॉस्टिक का वाढलं हे माहीत असेल तर दुरुस्ती सरळ हिशेबाची आहे. तेल विसरलं असेल तर नेमकं तेवढंच तेल किसात घाला. कॉस्टिक १० ग्रॅम जादा पडलं असेल, तर ते खपवायला साधारण ७४ ग्रॅम ऑलिव्ह तेल लागतं किंवा ५५ ग्रॅम खोबरेल. हा फरक का? १ ग्रॅम ऑलिव्ह तेलाला सुमारे ०.१३५ ग्रॅम कॉस्टिक पुरतं, खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम. चूक कुठे झाली तेच कळत नसेल, तर ५०० ग्रॅम किसामागे १० ग्रॅम तेल घालून, अर्धा तास शिजवून, पुन्हा जिभेची चाचणी, असं टप्प्याटप्प्याने जावं लागतं. असा घाणा हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. आणि तो शांत होईपर्यंत त्यात स्वयंपाकघरातलं काहीही घालू नका, नाहीतर दूध करपेल आणि दोष दुधाला जाईल.

भांडं स्टेनलेस स्टीलचं घ्या. अ‍ॅल्युमिनियम अजिबात नको. कॉस्टिकची त्याच्याशी क्रिया होऊन भांडं काळं पडतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. ढवळायला सिलिकॉनचं किंवा लाकडी उलथनं. साबणासाठी वापरलेलं हे सामान पुन्हा जेवणाकडे वळवू नये.

किस जितका बारीक तितकं पाणी कमी लागतं, म्हणून किसणीची बारीक बाजू वापरा. वडी फार कडक झाली असेल तर तुकडे करून मिक्सरमधून काढता येतात, पण कोरडी साबणाची पूड नाकात जाते आणि शिंका थांबत नाहीत. झाकण उघडण्याआधी पाच मिनिटं थांबा. पाण्याचं प्रमाण वडीच्या वयावर ठरतं. एक-दोन आठवड्यांच्या ताज्या साबणात स्वतःचंच पुष्कळ पाणी असतं, त्याला ५०० ग्रॅम किसामागे ४० ते ६० मिली पुरे. दोन-तीन महिने वाळलेल्याला १०० ते १३० मिली लागेल. शक्य असेल तर हे पाणी किसावर शिंपडून, झाकून रात्रभर ठेवा. सकाळी किस एकसारखा ओलावलेला असतो आणि शिजायचा वेळ जवळपास निम्म्यावर येतो. ही एक पायरी वगळू नये असं मला मनापासून वाटतं. गाठी राहण्याचं मुख्य कारण घाई हेच आहे.

आता आच. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावर साबणाचं भांडं, किंवा स्लो कुकर सगळ्यात कमी आचेवर. मिश्रण ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं पाहिजे. झाकण लावा, वाफ आत राहू द्या. पहिल्या वीस मिनिटांत काहीच घडत नाहीसं वाटतं. किस नुसता दबतो. मग भांड्याच्या कडेला तो अर्धपारदर्शक, पेट्रोलियम जेलीसारखा दिसू लागतो आणि मधे पांढरा ढीग राहतो. तेव्हा कडेचं मधे घ्यायचं, मधलं कडेला, एकदाच, हलक्या हाताने, आणि पुन्हा झाकण. सतत ढवळलं तर फेस होतो, फेस म्हणजे हवा, आणि ती हवा वडीत भोकं होऊन बसते. दीड-दोन तासांनी पांढरे ठिपके नाहीसे होऊन सगळा गोळा एकसारखा ओलसर चमकू लागला आणि उलथनं फिरवल्यावर त्याची वाट क्षणभर दिसून बुजली की झालं. फार घट्ट वाटलं तर एकेक मोठा चमचा गरम पाणी. मायक्रोवेव्हमध्ये हेच करता येतं, पण १५-२० सेकंदांच्या हप्त्यांनी आणि नजर न हटवता; साबण दुधासारखा उतू जातो.

गोळा फारच चिवट असेल तर एक लहान चमचा साखर थोड्या गरम पाण्यात विरघळवून घाला. साखरेने मिश्रण सैल होतं आणि फेसही वाढतो. एक मोठा चमचा दही शेवटी मिसळलं तरी तोच उपयोग होतो, शिवाय दह्यातल्या लॅक्टिक आम्लापासून तयार होणारं सोडियम लॅक्टेट वडी कडक करायला मदत करतं. मीठही कडकपणा देतं, पण अर्ध्या लहान चमच्याच्या पुढे जाऊ नका. मीठ जास्त झालं की साबण पाण्यापासून वेगळा होऊन दाणेदार फुटतो. मोठ्या प्रमाणावर साबण शुद्ध करताना हाच गुणधर्म मुद्दाम वापरतात, आपल्याला मात्र तो नको आहे.

बाकीचं सामान आचेवरून उतरवल्यावर, मिश्रण ६०-६५ अंशांपर्यंत आलं की घालायचं. खालची मापं ५०० ग्रॅम किसाची आहेत. ओट्सचं अगदी मैद्यासारखं पीठ एक मोठा चमचा. भरड राहिलं तर अंगाला टोचतं. ओट्स पाणी ओढतात, म्हणून त्यासोबत तेवढंच पाणी जास्त घाला. मध एक लहान चमचा, तेवढ्याच कोमट पाण्यात सैल करून. दोन-तीन चमचे घातले की वडी चिकट, तपकिरी होते आणि दमट हवेत घाम सुटल्यासारखी ओली दिसते. दूध सुरुवातीच्या पाण्याऐवजी घालायचा मोह होतो, पण दोन तासांच्या आचेत त्यातली साखर तपकिरी पडते. त्यापेक्षा किस पाण्यातच शिजवा आणि एक मोठा चमचा दूध पावडर थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून शेवटी घाला. रंग सायीसारखा राहतो. कॉफी वापरून झालेली असेल तर कोरडी ठणठणीत वाळवून, बारीक दळून, एक लहान चमचा.

हळदीबद्दल थोडं सावकाश सांगायला हवं. पाव लहान चमचा पुरते, तीही लहान चमचाभर तेलात कालवून, नाहीतर पिवळे ठिपके राहतात. अल्कलीत हळद लालसर होते, म्हणून भांड्यात रंग विटकरी दिसला तर घाबरू नका. वडी वाळताना तो सोनेरी-नारिंगीकडे येतो. उजेडात मात्र उडतो. वड्या अंधारात वाळवा. जास्त घातली तर टॉवेल पिवळे होतात. कोको पावडरचा तपकिरी रंग याहून कितीतरी भरवशाचा, एक लहान चमचा पुरे. बीटचा लाल रंग टिकत नाही, काही दिवसांत मळकट होतो. त्यावर वेळ घालवू नका.

लिंबाचा रस घालू नका, असं मी ठामपणे सांगते. रीबॅचमध्ये मोकळं कॉस्टिक नसल्याने आम्ल थेट साबणावर जातं. अर्धा कप रसात सुमारे ६ ग्रॅम सायट्रिक आम्ल असतं. ते जवळपास पावणेचार ग्रॅम कॉस्टिक ओढून घेतं, म्हणजे साधारण २७ ग्रॅम तेलाचा झालेला साबण मोडून पुन्हा स्निग्धाम्ल होतो. वडी मऊ आणि फेस मरगळलेला. व्हिनेगरचंही तेच. खाण्याच्या सोड्याने काही साधत नाही, गरम मिश्रणात तो नुसते बुडबुडे सोडतो. दालचिनी आणि लवंग वासाला छान, पण कातडीला झोंबतात. चेहऱ्याच्या साबणात तर नकोतच. काकडी, गाजर, ताजी पानं यांचे तुकडे वडीत काळे पडतात आणि बुरशी धरतात. गाजराचा रंग हवा असेल तर वाळवून केलेली पूड घ्या.

साच्यात भरताना गोळा एकदम न टाकता चमच्याने थर देत, प्रत्येक थर दाबत जा. कोपरे आधी भरा. साचा जाड फडक्यावर आठ-दहा वेळा आपटा. वरून प्लास्टिकचा कागद ठेवून तळहाताने सपाट करा. दुसऱ्या दिवशी निघत नसेल तर दोन तास फ्रीझरमध्ये ठेवला की सुटतो. वर पाण्याचे थेंब जमतील, ते पुसू नका, आपोआप सुकतात.

मग वाळवण. जाळीवर, वड्यांत बोटभर अंतर ठेवून, हवा खेळेल अशा जागी, चार दिवसांनी बाजू बदलत. ताज्या किसाच्या वड्यांना चार ते सहा आठवडे, जुन्या किसाच्या वड्यांना तीनही पुरतात. एका वडीवर खूण करून दर आठवड्याला तिचं वजन लिहून ठेवा. सलग दोन आठवडे काटा तिथेच थांबला की पाणी गेलं, वडी वापरायला काढा.