चाक मोठं केलं की

नाशिकचा एप्रिल, दुपारचे अडीच. पंखा गरम हवा नुसती ढवळतोय. टेबलावरच्या, रिमोटवर चालणाऱ्या छोट्या मॉन्स्टर ट्रकचं पुढचं डावं चाक काढायला घ्यावं आणि दोन मिलिमीटर आट्यांचा नट पान्यातून निसटावा. टिक, टिक, मग काहीच नाही. ‘काहीच नाही’ म्हणजे कपाटाखाली. हा आवाज ज्याने एकदा ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको.

त्यातून हा नट साधा नव्हे, आत नायलॉनची कडी असलेला. ती कडी आट्यांना घट्ट धरते म्हणून गाडीच्या हादऱ्याने चाक निघत नाही. पण तीन-चारदा काढघाल झाली की कडीचा जीव जातो. बोटांनीच शेवटपर्यंत फिरायला लागला की नट बदलायचा, हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि कुणी पाळत नाही.

खरं तर चाक काढायचं काही कारण नव्हतं. पन्नास मिलिमीटरचं होतं, बरं फिरत होतं. पण मॉन्स्टर ट्रक म्हणवायचं तर सत्तरचं हवं. हा आकडा हवेतला नाही. बॉब चँडलर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने आपल्या १९७४ च्या फोर्ड पिकअपला थोरली थोरली चाकं लावत नेली, गाडीचं नाव पडलं बिगफूट, आणि १९८१ मध्ये शेतात उभ्या केलेल्या दोन भंगार मोटारींवरून त्याने ती चालवून पाहिली. बाकीचा सगळा तमाशा तिथून सुरू झाला. पुढे या गाड्यांचं चाक ६६ इंच उंच आणि ४३ इंच रुंद असं ठरूनच गेलं. आपली गाडी खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची, म्हणून ६६ भागिले २४, पावणेतीन इंच, म्हणजे सत्तर मिलिमीटर. रुंदी पंचेचाळीस. चपलेएवढी गाडी आणि तिला आमटीच्या वाटीएवढी चाकं.

चपलेवरून आठवलं. रबरी चपलेची चाकं ज्याने कापली नाहीत त्याचं बालपण नेमकं कसं गेलं असेल, हा प्रश्नच आहे. निळे पट्टे, पांढरा तळवा. टाचेकडचा भाग जाड, म्हणून चाकं तिथलीच. सोड्याच्या बाटलीचं बूच ठेवून बॉलपेनने गोल काढायचा, दाढीच्या जुन्या पातीने कापायचा, मधोमध तापवलेलं दाभण खुपसायचं. जळक्या रबराचा तो वास. आसाला खराट्याची काडी, धडाला पावडरचा डबा, ओढायला सुतळी. दाभण कधीच मधोमध बसायचं नाही, त्यामुळे प्रत्येक गाडी लंगडी. आणि वाड्यात एक तरी पोरगा असा असायचा, ज्याच्या हाताला मोठ्या माणसाची चप्पल लागलेली. त्याची चाकं मोठी. त्याची गाडी उंबऱ्यावरून जायची, बाकीच्यांची अडायची. त्याच्या पाठीत काय बसायचं ते वेगळं, पण गल्लीत मान त्याचा. मोठ्या चाकाचं वेड तिथलं असावं. किंवा कामदा एकादशीला पंचवटीत रामरथ-गरुडरथ निघतात, तेव्हा दोरांच्या गर्दीत लहान पोराच्या नजरेच्या बरोबर समोर येतं ते चाकच, तिथलंही असेल.

असो. चाक मोठं केलं की पहिला भोग मोटरचा.

पन्नासचं सत्तर म्हणजे १.४ पट. जमिनीवर तेवढाच जोर काढायचा तर मोटर १.४ पट करंट ओढणार, आणि मोटरच्या तारांमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. १.४ गुणिले १.४, जवळपास दोन. चाकात वीस मिलिमीटरची हौस आणि मोटरला दुप्पट ताप, तोही नाशिकच्या एप्रिलात. उपाय पिनियनमध्ये, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या दातेरी चाकात. चौदा दात्यांचं असेल तर दहाचं लावा. वेग होता तेवढाच राहतो आणि मोटर जगते. बहुतेक जण मात्र चाक मोठं करून, पिनियन तेच ठेवून, ‘काय पळते बघा’ म्हणतात. पळते खरी. पाच मिनिटांनी मोटरच्या डब्यावर बोट ठेवा. पाच आकडे मोजेपर्यंत बोट टिकलं तर ठीक, तिसऱ्यालाच उचललं तर गाडी सावलीत.

पिनियन बदललं की दाते पुन्हा बसवणं आलं. मोटरचे स्क्रू सैल करायचे, पिनियन आणि स्पर (पिनियन ज्याला फिरवतं ते मोठं दातेरी चाक) यांच्यामध्ये कागदाची पट्टी घालायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर नागमोडी चुण्या उठल्या पण ती फाटली नाही, की जमलं. फाटली तर दाते फार घट्ट, गाडी दळण दळल्यासारखी कोकलणार. चुण्याच नाहीत तर सैल, म्हणजे पहिल्याच उडीत दाते खाणार. पतंगाचा कागद फार पातळ पडतो, पुठ्ठा जाड. वहीचं पान बरोबर. हे सगळं झाल्यावर मोटरच्या स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब. धातूत धातू जात असेल तिथेच. प्लास्टिकच्या आट्यांत ते सोडलं की प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं, आणि तडा बरोब्बर लिंक, म्हणजे ॲक्सल आणि धड जोडणारी दांडी, जिथे बसते तिथे जातो. प्लास्टिकमध्ये स्क्रू परत घालताना आधी उलटा फिरवायचा, ‘टक्’ करून जुन्या आट्यात बसला की मग सुलटा. एवढी एक सवय लागली तर अर्ध्या गाड्या वाचतील.

दुसरा भोग सर्व्होचा, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरचा. चाक रुंद झालं की त्याचा मध्य किंगपिनपासून, म्हणजे चाक ज्या खिळीभोवती वळतं तिच्यापासून, लांब जातो. मग एका चाकाला दगड लागला की ते चाक सर्व्होचा हात पिरगळतं. नऊ ग्रॅमच्या स्वस्त सर्व्होत नायलॉनचे दाते असतात. ते गेले की गाडी डावीकडे वळते, सरळ होते, आणि उजवीकडे नुसती गुरगुरते. धातूच्या दात्यांचा एमजी-९०-एस त्याच मापाचा येतो, तोच लावावा. पण तो बसवतानाही लोक तीच चूक करतात: आधी हॉर्न, म्हणजे सर्व्होचा हात, आवळतात, मग चालू करतात. आधी वीज द्या, रिमोटवरचं ट्रिम शून्यावर आणा, सर्व्होला स्वतःचा मध्य गाठू द्या, मग हॉर्न. आणि चाक पूर्ण वळवून ठेवल्यावर सर्व्हो गुणगुणत असेल तर ते गाणं नव्हे. तो अडलेल्या जागी ढकलतोय आणि करंट खातोय. रिमोटवर त्याचा पल्ला थोडा कमी करायचा. न केल्यास अडलेला सर्व्हो गाडीतल्या रिसीव्हरचा (रिमोटचा हुकूम ऐकणाऱ्या पेटीचा) व्होल्टेज खाली ओढतो, रिसीव्हर क्षणभर झोपतो, गाडी मध्येच मान टाकते आणि मालक रिमोटच्या सेलला शिव्या देतो.

तिसरा भोग मात्र बघण्यासारखा असतो. मोठी चाकं आत मावावीत म्हणून धड वर उचलावं लागतं. आता गाडी टेबलावर ठेवा, मागून हाताने धरा आणि रिमोटचा घोडा हळूच दाबा. धड एका बाजूला कलतं. जोरात दाबला तर पुढचं एक चाक चक्क हवेत. गाडी बिघडलेली नसते. मधल्या गिअरबॉक्समधून निघालेला शाफ्ट ॲक्सलला पीळ देतो, आणि तोच पीळ उलट्या बाजूने धडाला बसतो. धड जितकं उंच आणि स्प्रिंग जितकी मऊ, तितका हा कल उघडा पडतो. तामिया या जपानी कंपनीच्या १९८७ च्या क्लॉड बस्टर गाडीमध्ये हा त्रास नाही, कारण त्यात दोन मोटरी आहेत आणि त्या थेट ॲक्सलवरच बसवल्या आहेत. मधला शाफ्टच नाही. पण ती गाडी मोठी. आपल्या चपलेएवढ्या गाडीला मागच्या ॲक्सलवर एक मिलिमीटरच्या पोलादी तारेचा आडवा वाक देऊन अँटी-रोल बार, म्हणजे कल रोखणारी दांडी, करता येतो. तार पक्कडीत धरून दोन्ही टोकं सारखीच वळली पाहिजेत. एक टोक अर्धा मिलिमीटर जरी वर राहिलं तरी गाडी उभ्याउभ्याच कलते, आणि आपण आठवडाभर शॉकना, म्हणजे हादरे झेलणाऱ्या तेलाच्या नळ्यांना, दोष देत बसतो.

त्याच उचललेल्या धडामुळे शाफ्टचा कोनही वाढतो. शाफ्टच्या दोन टोकांचे काटे एकमेकांशी जुळलेले हवेत, एका रेषेत. शाफ्ट मध्ये सरकणारा असतो, काढून घालताना तो नव्वद अंशांनी फिरवून बसवला की गाडी थरथरत चालते आणि कारण सापडता सापडत नाही. बाकी लिंकची लांबी वाढवायची तर मध्ये घालायला बॉलपेनची रिकामी रिफिल हवी त्या मापाला कापता येते. एवढ्या लहान शॉकवर पेनची स्प्रिंगही चालते, पण दोन्ही बाजूंना एकाच बनावटीच्या पेनची. घरात तेवढ्याच कारणाने अर्धी पेनं मुकी पडलेली असतात.

शॉकमधल्या तेलाबद्दल माझं मत ठाम आहे: सिलिकॉनचंच. मशीनच्या तेलाने आतल्या रबरी कड्या फुगतात आणि दांडा अडकतो. खोबरेल घालून पाहणारे महाभागही आहेत. चोवीस अंशांच्या खाली ते थिजतं, आणि आपल्याकडे निफाडची थंडी. डिसेंबरच्या सकाळी त्या गाडीला शॉक नसतात, चार मेणबत्त्या असतात. तेल भरल्यावर दांडा हळूहळू वरखाली करायचा, बुडबुडे वर येऊ द्यायचे, दहा मिनिटं शॉक उभा ठेवायचा आणि मगच टोपी लावायची. ही दहा मिनिटं कुणाला नको असतात. मग शॉकमधून फस्‌फस् आवाज येतो.

आता टायर. आत स्पंजची कडी हवीच, नाहीतर गाडीच्या वजनाने टायर बसतो. भांडी घासायचा स्पंज कापून घातला तरी भागतं. कडा साबणाने धुवायच्या, कारण साच्याचा तेलकटपणा असेल तर गोंद धरत नाही. मग सुपर ग्लूचे थेंब, एका वेळी पाव चाक, चिमटीत दाबून. आणि टायरला दोन मिलिमीटरचं भोक पाडायला विसरायचं नाही. हवा आत कोंडली तर चाकाचा चेंडू होतो; गाडी उडी मारून खाली येते आणि तशीच परत वर जाते. भोक पाडायला दाभण तापवलं की तोच वास.

वजन हा आणखी एक वादाचा विषय. दगडांवरून हळू चढणाऱ्या क्रॉलरवाल्यांचं बघून काही जण चाकांत पितळ भरतात. पितळाला नाशिकमध्ये तोटा नाही, भांडी बाजार आहे. आणि सातपूर-अंबडला लेथवाल्याने मनावर घेतलं तर दहा मिनिटांत कडी कापून मिळेल. पण मॉन्स्टर ट्रकच्या चाकात पितळ म्हणजे शर्यतीच्या बैलाच्या पायात लोढणं. उडी मारायच्या गाडीचं वजन मधोमध आणि खाली असावं. बॅटरी आडवी, दोन्ही ॲक्सलांच्या मध्ये, जितकी खाली जाईल तितकी. बॅटरी दोन सेलची लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर. भरली की ८.४ व्होल्ट, आणि एका सेलला ३.३ च्या खाली आली की थांबायचं. ठेवून द्यायची तर सेलमागे ३.८ वर. तिचे प्लग बदलताना दोन्ही वायरी एकदम कापायच्या नाहीत. कटरच्या दोन पात्यांनी तिथेच शॉर्ट होतो, ठिणगी डोळ्यांसमोर. एक कापा, जोडा, झाका, मग दुसरी. आणि चार्जिंग फरशीवर. गादीवर चार्जिंग करणाऱ्याशी बोलणंच नको.

बॉडीबद्दल फार सांगत नाही. पारदर्शक लेक्झन प्लास्टिकला रंग आतून देतात, गडद आधी, फिकट नंतर. चाकांच्या कमानी वाकड्या कात्रीने थोड्या थोड्या मोठ्या करायच्या. ज्वाळा रंगवू नयेत. एवढीच विनंती.

मग पावसाळा येतो, आणि मखमलाबादकडच्या काळ्या मातीत गाडी एकदा तरी जातेच. ती माती सत्तरच्या टायरला लागली की टायर ऐंशीचा होतो आणि मोटरचं गणित पुन्हा पहिल्यापासून. घरी आणून नळाखाली धरायची नाही. वाळू द्यायची, दाढीच्या ब्रशने झाडायची, बेअरिंग काढून तेलाचा एकेक थेंब. बैलगाडीला ओंगण घालताना जेवढा जीव लावत, तेवढाच लावायचा. इतकं करूनही दोन पावसाळ्यांत नट-स्क्रू गंजतात. म्हणून शहाणी माणसं सगळे नट-स्क्रू स्टेनलेसचे करून घेतात.

इथेच घोळ आहे. कपाटाखाली काठीला बांधलेलं लोहचुंबक फिरवलं. एक हेअरपिन आली. एक रुपया आला. तो स्टेनलेसचाच, पण त्या पोलादाला चुंबक धरतं. नटाचं स्टेनलेस वेगळं, त्यात निकेल असतं, त्याला चुंबक ओळखही देत नाही. गंजू नये म्हणून मुद्दाम तेच निवडलेलं.

झाडू कुठे आहे?