तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रुपवर मन मोकळे का केले नाही?

आईला स्मृतिभ्रंश असल्याचे निदान झाले तेव्हापासून ओळखीचे लोक मला हमखास एक प्रश्न विचारतात: शाळेतल्या मैत्रिणींचा एवढा गजबजलेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हाताशी असताना तुम्ही तिथे मन मोकळे का केले नाही?

बातमी मी ग्रुपवर कळवली होती. तासाभरात जोडलेल्या हातांची रांग लागली, दोघीतिघींनी ‘काळजी घे’ असे लिहिले, एकीने भिजवलेल्या बदामांचा उपाय सुचवला आणि त्याखाली लगेच कुणाच्या तरी नातवाच्या बारशाचे फोटो आले. यात कुणाचे काही चुकले असे मला वाटत नाही. इतक्या जणींच्या वर्दळीत कुणी आपल्यासाठी थांबावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

मात्र लिहिण्याला मी कमी लेखत नाही. आई मला ओळखेनाशी झाली की मला तिची कीव येण्याऐवजी तिचा रागच येतो, ही गोष्ट कुणाच्या डोळ्यांत पाहून सांगणे मला जमले नसते. ती मी एका रात्री एकाच मैत्रिणीला लिहून पाठवली. समोरचा चेहरा दिसत नाही आणि उत्तरही लगेच झेलावे लागत नाही, म्हणून पडद्याआड माणूस अधिक मोकळा होतो, असे जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ साली मांडले होते, आणि माझा अनुभव त्याहून वेगळा नाही. पण लिहून झाल्यावर निळ्या खुणा उमटल्या, ‘टाइप करत आहे’ ही अक्षरे दिसली, पुसली गेली, पुन्हा दिसली, आणि ती काही मिनिटे मला फार जड गेली. शेवटी उत्तर आले: “उद्या येते.”

ती आली, आणि आम्ही स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलो. नजर जुडीकडे असल्यामुळे बोलणे सोपे गेले. मध्येच तिने विचारले, “चिडतेस, आणि मग नंतर काय करतेस गं?” हाच प्रश्न लिहून आला असता तर मला तो उलटतपासणीसारखा वाटला असता, तिच्या आवाजात मात्र तो निव्वळ काळजीचा होता.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्टझर आणि सहकाऱ्यांनी केलेला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला म्हणूनच पटतो. मुद्दाम ताण दिलेल्या लहान मुलींपैकी काहींना आईशी प्रत्यक्ष, काहींना फोनवर, तर काहींना केवळ टाइप करून बोलू दिले होते. आईचा आवाज ऐकलेल्या मुलींचे कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, उतरले. टाइप केलेला धीर मिळालेल्या मुलींचे मात्र आईशी संपर्कच न झालेल्या मुलींइतकेच चढे राहिले.

टोरांटोतल्या मैत्रिणीला मेथी निवडायला बोलावता येत नाही, म्हणून तिच्याशी मी वेळ तेवढी लिहून ठरवते आणि मग सरळ फोन करते. आमची रात्र ही तिची सकाळ असल्याने तिच्या बाजूने भांड्यांचा आवाज येत असतो आणि मध्येच आम्ही दोघीही गप्प होतो. व्हिडिओ मात्र बंदच ठेवतो. स्वतःचा चेहरा समोर दिसत राहिला की रडतानासुद्धा आपण कसे दिसतो याकडेच लक्ष जाते.