खांदा

गर्भ ठेवावा की नाही या पेचातल्या बायकांसाठी आमचं एक केंद्र आहे. तिथल्या नोंदवहीत शेवटचा रकाना ‘निष्पत्ती’चा आहे. त्यात तीनपैकी एक शेरा लिहायचा असतो: ‘ठेवलं’, ‘ठेवलं नाही’ किंवा ‘संपर्क तुटला’. अकरा वर्षांत मी हा रकाना शेकडो वेळा भरला असेन. एका ओळीपुढे मात्र तो अजून कोरा आहे.

या कामात मी आले ती रस्त्यावरून. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस आम्ही चर्चमधली काही माणसं गर्भपात करणाऱ्या एका दवाखान्यासमोर, पलीकडच्या पदपथावर उभी राहायचो. हातात रोजरी, म्हणजे जपमाळ, कोणाकोणाच्या हातात फलक. ओरडायचं नाही, कोणाला अडवायचं नाही, हा आमचा नियम होता आणि आम्ही तो पाळायचो. पण आत जाणाऱ्या बाईला आमची शांतता कशी लागत असेल, हे मला तेव्हा कळत नव्हतं. दोन वर्षांनी एका फादरांनी मला सांगितलं, ‘दारात उभी राहतेस ते ठीक. पण तिच्या घरचं भाडं थकलंय हे तुला दारातून दिसणार आहे का?’ मग मी केंद्रात बसायला लागले.

अशी केंद्रं ही काही आमची कल्पना नाही. 1968 मध्ये टोरांटोत लुईझ समरहिल या बाईंनी बर्थराइट ही गर्भपाताऐवजी मदत देऊ करणारी संस्था सुरू केली, तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली: एक खोली, एक फोन, मोफत चाचणी आणि ऐकून घेणारं माणूस. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड, हे प्रशिक्षणात आम्हाला दहादा सांगतात. आम्ही दहादा मान डोलावतो.

माझं एक भाषण ठरलेलं होतं. त्याला भाषण म्हणायला मला तेव्हा राग यायचा. मी त्याला ‘माहिती’ म्हणायचे. चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या की मी कॅलेंडर पुढे ओढायचे. आठवडे गर्भधारणेपासून नाही, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे ‘सहा आठवडे’ म्हणतो तेव्हा गर्भ खरं तर साधारण चार आठवड्यांचा असतो, लांबी जेमतेम पाच मिलिमीटर. आणि तरी सोनोग्राफीत हृदयाची फडफड दिसायला लागते. इथे मी थांबायचे. हा थांबा मी कमावलेला होता. बहुतेक बायका इथे पहिल्यांदा वर बघायच्या.

ती शुक्रवारी आली, केंद्र उघडल्या उघडल्या. वय अठ्ठावीस, पदरात दोन वर्षांचा मुलगा, नवऱ्याची नोकरी तीन महिन्यांपूर्वी गेलेली. आमच्याकडे चाचणी फुकट म्हणून आली होती. ते तिने बसायच्या आधीच सांगून टाकलं. ‘मॅडम, मला ठेवायचं नाहीये. फक्त नक्की आहे का, तेवढं बघायचंय.’ मला असं स्पष्ट बोलणारं माणूस आवडतं. वळवायला सोपं जातं, असंही तेव्हा मला वाटायचं.

दोन रेघा उमटल्या. दुसरी जरा फिकट होती, पण होती. पाळीच्या तारखेवरून सात आठवडे भरत होते. मी कॅलेंडर ओढलं.

मध्येच ती म्हणाली, ‘थोडं थोडं लाल जातंय. तीन दिवस झाले.’ मी म्हटलं, ‘पहिल्या महिन्यांत कधीकधी होतं तसं.’ ते खोटं नव्हतं. मग ती खुर्चीत वाकडी होऊन बसली. ओटीपोटात एका बाजूला कळ येते म्हणाली. मी म्हटलं, ‘ताणामुळे. घरचं टेन्शन किती आहे ते दिसतंय मला.’ आणि पुढे चालू. तिच्या नवऱ्यासाठी काम बघणारी आमची माणसं, मुलाला सांभाळायची सोय, पहिलं वर्षभर कपडे आणि औषधं, नकोच असेल तर दत्तक देण्याची वाट. यातलं काहीही मी उगाच सांगत नव्हते. आम्ही ते खरंच करतो, आणि नुसत्या शब्दांवर भागवणाऱ्या लोकांचा मला मनापासून तिटकारा आहे. म्हणून तर थांबावंसं वाटलं नाही.

आमच्याकडे आठवड्यातून दोनदा एक सिस्टर येतात. धर्मभगिनी नव्हेत, निवृत्त परिचारिका. प्रसूती विभागात तीस वर्षं काढलेल्या. त्या कपाटातून काहीतरी घ्यायला आत आल्या. ती मुलगी त्या वेळी उजवा खांदा चोळत होती.

‘खांद्याला काय झालं?’ सिस्टरांनी विचारलं.

‘सकाळपासून दुखतोय. मुलाला उचलल्यामुळे असेल. आडवं झालं की जास्त दुखतो.’

सिस्टरांनी हातातली वस्तू खाली ठेवली. तिच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, नाडी धरली. मग माझ्याकडे वळून, आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, ‘गाडी काढ. आत्ता.’

गाडीत त्यांनी मला दोन वाक्यांत समजावलं. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत रुजला की वाढता वाढता नळी फाटते. रक्त पोटात साचतं, ते वर श्वासपटलाला लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं, कारण दोन्हीकडच्या नसा मानेतून एकाच जागेवरून निघतात. पट्टीवर रेघा मात्र दोनच येतात. गर्भ कुठे आहे हे पट्टीला कळत नाही. शंभर गरोदरपणांत एखाद-दुसरं असं निघतं. म्हणजे आमच्या खोलीत याआधीही कोणी बसून गेली असेल. हा हिशेब मी त्या सिग्नलवर केला आणि माझे हात गार पडले.

मी तिच्याशी पस्तीस मिनिटं बोलले होते.

रुग्णालयात सगळं भराभर झालं. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरबाई तरुण होत्या. पडद्याकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखं त्या म्हणाल्या, ‘उजव्या नळीत आहे. पोटात रक्त आहे बरंच. ठोके दिसताहेत.’

ठोके. माझा तो कमावलेला थांबा मला आठवला.

तिनेही ते ऐकलं. ती पांढरीफटक पडली होती, पण शुद्धीवर होती. तिने माझ्याकडे मान वळवली. ‘तुम्ही सकाळी सांगत होता तेच का हे?’

‘हो.’

‘मग आता काय म्हणता?’

डॉक्टरबाई संमतीचा कागद घेऊन उभ्या होत्या. त्या प्रश्नात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी वाकून तिच्या कानाशी म्हटलं, ‘सही कर.’ सकाळपासून मी तिला अहो-जाहो करत होते. ते कधी सुटलं कळलंच नाही.

फाटलेली नळी काढावी लागली, दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. शस्त्रक्रिया चालू होती तेवढा वेळ मी बाहेर रोजरीचा जप करायचा प्रयत्न केला आणि दहा-दहा मण्यांच्या दुसऱ्याच फेरीत हरवले. कशासाठी मागू, हेच ठरेना.

नंतर आमच्यातल्या एका स्वयंसेविकेने मला विचारलं, ‘पण ठोके होते ना?’ तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी चिडले नाही. चर्चचं नीतिशास्त्र इथे मुळीच गप्प नाही. थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात स्वसंरक्षणाबद्दल जे मांडलं, त्यातून पुढे दुहेरी परिणामाचं तत्त्व आलं: हेतू आईला वाचवण्याचा, कृती फाटलेला अवयव काढण्याची, गर्भाचा मृत्यू त्यात अटळ असतो, दिसत असतो, पण तो हेतू नसतो. गोळी-इंजेक्शनने वाढ थांबवावी का, की नळी उघडून फक्त गर्भ काढावा, यावर कॅथलिक नीतितज्ज्ञांमध्ये वाद आहेत. नळी काढण्याबद्दल तो वाद नाही. आणि तिने विचारलं तसं, ‘तो काढून गर्भाशयात रुजवता येत नाही का?’ तर नाही. तसा उपाय वैद्यकशास्त्राकडे नाही. इंटरनेटवर कोणी काहीही लिहो.

हे सगळं मी तिला नीट समजावलं. समजावता समजावता लक्षात आलं की हे मला आधीपासून पाठ होतं. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत एक अख्खं पान त्यावर आहे. मी तत्त्व शिकले होते, लक्षणं वाचून सोडून दिली होती.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला भेटायला गेले. नवरा मुलाला घेऊन बाहेर बसला होता. तिने मला बसायला सांगितलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मला ते नको होतं. मी ठरवून आले होते. मग रात्रभर रडू का आलं?’

माझ्याकडे याचं उत्तर होतं. अशा वेळचीही माहिती आमच्याकडे छापील असते, शोक करण्याबद्दलची, पिशवीत होती. मी पिशवी उघडली नाही.

ती ख्रिस्ती नव्हती. आम्ही कोणाचा धर्म विचारत नाही. तिने स्वतःच विषय काढला. ‘तुमच्या देवाच्या हिशेबात ते धरलं जातं का? एवढंसं होतं, तुम्ही म्हणालात पाच-सात मिलिमीटर. नावही नाही.’

मी खरं तेच सांगितलं. धरलं जातं, असं आम्ही मानतो. त्याचं पुढे काय होतं, यावर आमच्या धर्मपंडितांनी शतकानुशतकं डोकं खपवलंय. 2007 मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांवर एक मोठा दस्तऐवज काढला, आणि इतकं लिहून शेवटी त्यांनी शब्द वापरला तो ‘आशा’. खात्री नाही म्हटलं. आशेला भक्कम कारणं आहेत म्हटलं.

‘म्हणजे त्यांनाही माहीत नाही.’

‘नाही.’

का कोण जाणे, याने तिला बरं वाटलं. निदान तिने डोळे मिटले आणि माझा हात सोडला नाही.

तिच्या नवऱ्याला आमच्या ओळखीतून काम मिळालं, त्याला दोन महिने लागले. ते काम मी जिवाचं रान करून केलं आणि त्यामागे सेवाभाव किती, अपराधीपणा किती, हे मी तपासत बसले नाही. पापनिवेदनाला गेले तेव्हा फादरांना ती पस्तीस मिनिटं सांगितली. फादर म्हणाले, बेसावधपणा हे पाप असेलच असं नाही. मग थोडं थांबून म्हणाले, ‘पण तू बेसावध नव्हतीस. तुझं सगळं लक्ष होतं, फक्त तिच्यावर नव्हतं.’ त्यांनी प्रायश्चित्त म्हणून मला प्रार्थना दिली नाही. सिस्टरांकडे एक महिना बसून धोक्याची लक्षणं शिक, असं सांगितलं.

आमच्या फॉर्मवर पहिला प्रश्न ‘शेवटची पाळी कधी?’ असा होता. आता पहिले तीन प्रश्न असे आहेत: दुखतंय का? कुठे? रक्त जातंय का? एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं तर चाचणी, कॅलेंडर, बोलणं सगळं बाजूला, आधी डॉक्टर. हा बदल करताना बैठकीत खडाजंगी झाली. एक गृहस्थ म्हणाले, दवाखान्यात पाठवली की ती तिथूनच गर्भपाताला जाईल. सिस्टर म्हणाल्या, ‘जिवंत असली तर जाईल.’ त्यावर मतदान झालं नाही.

वर्षअखेरीला नोंदवहीची बेरीज करतात. देणगीदारांच्या अहवालात आकडे जातात. त्या वर्षी बेरीज करणाऱ्या तरुणाने मला हाक मारली. एकूण बायका एवढ्या, तीन शेऱ्यांची बेरीज एकने कमी येतेय. त्याने पेन पुढे केलं. ‘काय लिहू? ठेवलं नाही?’

मी म्हटलं, बेरीज कमीच जाऊ दे.