तेवीस मिनिटं

केबिनचं दार वाजलं तेव्हा मी फोनवर होतो. दारात मामा. मामा म्हणजे त्या नाट्यगृहाचे डोअरकीपर. नोकरीला तीस वर्षं झालेली, नाटकाची तिसरी घंटा त्यांच्याच हातची. आत डोकावून म्हणाले, "दादा, ह्या पिच्चरमधली माणसं मुकी हायत का?"

मला हसू आलं. केबिनमधल्या मॉनिटरवर नायिका बापाशी कडाकडा भांडत होती. म्हटलं, "मुकी कशानं असतील? ऐका की, केवढ्यानं बोलतेय."

मामांनी कान दिला. मग माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाले, "हितं बोलतीया. आत न्हाई बोलत."

फोन तसाच टेबलावर टाकून मी जिन्यानं खाली पळालो आणि बाल्कनीखालच्या दारातून आत शिरलो. पडद्यावर नायिकेचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, मानेच्या शिरा ताणलेल्या. खाली इंग्रजी सबटायटल्स येत होती. हॉलमध्ये नदीचा आवाज होता, शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा होत्या, कुठंतरी कुऱ्हाड चालली होती. आणि माणसांचे आवाज? भिंतीपलीकडच्या घरात भांडण चालू असावं तसे. शब्द नाहीत, नुसता घुमारा. तीनशे-सव्वातीनशे लोक बसले होते. कुणी चुळबुळ करत नव्हतं. पुढच्या रांगेत एक बाई वहीत काहीतरी टिपून घेत होत्या. घड्याळ बघितलं: सिनेमा सुरू होऊन बावीस मिनिटं.

मी ऑपरेटर आहे. आता कार्डावर 'टेक्निकल कोऑर्डिनेटर' वगैरे छापतात, पण १९९४ साली एका एकपडदा थिएटरात रिळं उलटी गुंडाळण्यापासून सुरुवात केली, तेव्हापासूनचा ऑपरेटर. ते थिएटर गेलं, तिथं आता मंगल कार्यालय आहे. मी मात्र महोत्सवांच्या मागं लागलो. नोव्हेंबरात गोवा, डिसेंबरात तिरुवनंतपुरम, जानेवारीत पुणे, आणि मधल्या फटीत गावोगावचे छोटे महोत्सव. ही गोष्ट अशाच एका छोट्याची. नाव सांगत नाही, कारण मंडळी भली आहेत आणि पैसे उशिरा का होईना देतात.

बाहेरच्यांना वाटतं, आता सगळं डिजिटल, बटण दाबलं की काम झालं. बटण दाबायचंच असतं, पण त्याच्या आधी सिनेमा एका हार्ड डिस्कवर येतो, त्याला डीसीपी म्हणायचं. ती सर्व्हरला लावून आत भरून घ्यायची. दोन तासांच्या सिनेमाच्या एक लाख बहात्तर हजार आठशे फ्रेमा, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र चित्र. भरून झालं तरी तो उघडत नाही, कुलूप असतं. किल्ली ईमेलनं येते. त्या किल्लीला केडीएम म्हणतात, ती त्याच एका सर्व्हरला चालते आणि ठरलेल्या वेळेतच चालते. तारीख उलटली की तुमच्याकडं दोनशे जीबीचा दगड उरतो.

सिनेमा जॉर्जियाचा होता. मुलगी शहरातून गावी येते, बापाला घर विकायचंय, तिला विकू द्यायचं नाही. बस, एवढंच. दिग्दर्शिका स्वतः आली होती, तिशी-बत्तिशीची. सकाळी नऊ वाजता टेस्टला हजर. महोत्सवात शंभरातले नव्वद दिग्दर्शक टेस्टला येतच नाहीत, आणि आलेल्यांपैकी निम्मे नुसता स्वतःच्या नावाचा टायटल बघून जातात. ही बाई मात्र हॉलभर हिंडली. पहिल्या रांगेत, शेवटच्या रांगेत, खांबामागच्या खुर्चीवरसुद्धा बसली. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, मी साडेपाचला ठेवला होता. नियमाप्रमाणं तो सातवर हवा, पण सातवर आपल्याकडं लोक कानात बोटं घालतात. तिनं तो साडेसहावर न्यायला लावला. म्हणाली, भांडण लागलं पाहिजे. 'लागलं' म्हणताना छातीवर मूठ आपटून दाखवली. मुलगी बापाला हाक मारते ती ऐकून मी दचकलो, कारण ती चक्क 'मामा!' अशी हाक मारत होती. जॉर्जियन भाषेत बापाला मामा म्हणतात. खाली झाडू मारणारे आमचे मामा मान वर करून बघायला लागले. दिग्दर्शिकेला ते समजावून सांगितल्यावर ती पोट धरून हसली. जाताना तिनं पिशवीतून मेणबत्तीसारखी दिसणारी एक मिठाई काढून माझ्या हातात ठेवली. चुर्चखेला. दोऱ्यात ओवलेले अक्रोड आटवलेल्या द्राक्षरसात बुडवून वाळवलेले. मी ती केबिनच्या खिळ्याला टांगली.

म्हणजे सकाळी दहाला सगळं ठणठणीत होतं. हे मी शपथेवर सांगतो.

दुपारी बारा वाजता आयोजकांना कळलं की एका मान्यवरांना आजच वेळ आहे. मग सत्कार. नाट्यगृहात सिनेमा दाखवायचा म्हणजे पडदा, पडद्यामागचे स्पीकर, रॅक, सगळं आठ दिवसांसाठी भाड्यानं आणून उभं केलेलं असतं. पडद्याला बारीक भोकं असतात, त्यातून आवाज बाहेर येतो. मागं तीन मोठे स्पीकर: डावा, उजवा आणि मधला सेंटर. सिनेमातलं बोलणं जवळजवळ सगळं त्या सेंटरमधून येतं. संगीत, वारा, पाणी डाव्या-उजव्यातून आणि भिंतीवरच्यांतून. सत्कारवाल्यांना स्टेज मोकळं हवं होतं. त्यांनी पडदा वर घेतला, सेंटर ढकलून विंगेत नेला, वीस मिनिटं भाषणं झाली, आणि सगळं जागच्या जागी ठेवलं. म्हणजे त्यांना जी वाटली त्या जागी. मी तेव्हा जेवायला गेलो होतो. कुणी फोन केला नाही. आपल्याकडं स्टेजवरची प्रत्येक वस्तू ही मंडपवाल्याचीच असते अशी एक ठाम समजूत आहे.

माझा एक नियम आहे, हाताखालच्या पोरांना मी तो घोकून घेतो: शो सुरू झाला की पहिली पाच मिनिटं केबिनमध्ये थांबायचं नाही, हॉलमध्ये उभं राहायचं. कारण केबिनचा मॉनिटर खोटं बोलतो. त्याला आवाज प्रोसेसरमधून मिळतो, अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी. पुढं अ‍ॅम्प्लिफायर जळो, वायर तुटो, स्पीकर चोरीला जावो, केबिनमध्ये सगळं झकास ऐकू येतं. त्या दिवशी साडेचार वाजता मी स्वतः हा नियम मोडला. दुसऱ्या पडद्यावरच्या सिनेमाची किल्ली लागत नव्हती. आमच्या ऑफिसातून कुणीतरी शोची वेळ नुसती '४.३०' अशी कळवली होती, कुठल्या देशातली ते लिहिलंच नव्हतं. तिकडच्या लॅबनं आपल्या घड्याळानं किल्ली काढली. त्यांचे साडेचार म्हणजे आपले रात्रीचे नऊ. नवीन किल्ली मागवायला मी फोनवर बसलो होतो, आणि माझ्या कानाशी ती जॉर्जियन मुलगी व्यवस्थित भांडत होती.

आता मुद्द्याचं. विंगेतून मी पडद्यामागं गेलो. तिथून सिनेमा उलटा दिसतो, सबटायटल्सही उलटी. हजारो भोकांतून उजेड अंगावर सांडतो. सेंटरच्या मागं वायर जमिनीवर पडली होती, टोकाला स्पीकॉन (स्पीकरला लावायचा प्लग), शेजारी सत्काराच्या हाराची तुटलेली शेवंती. स्पीकॉन आत सरकवून फिरवायचा, कट्ट वाजतं, दोन सेकंदांचं काम.

नियम सांगतो, शो थांबवा. लाइट लावा, माफी मागा, पहिल्यापासून सुरू करा. तसं केलं तर प्रश्नोत्तरं रद्द, सातचा शो पावणेआठला, दिग्दर्शिकेचं रात्रीचं विमान. हा एक रस्ता. दुसरा म्हणजे वायर तत्क्षणी लावायची. मी दोन्ही केलं नाही. मी स्पीकॉन हातात धरून उभा राहिलो.

कारण डोक्यावर, उलट्या पडद्यावर, भांडण ऐन रंगात आलं होतं. आत्ता लावलं तर वाक्याच्या मध्येच, साडेसहावर, कानठळ्या बसवणारा आवाज फुटेल. तीनशे माणसं खुर्चीतून उडतील आणि सगळ्यांना कळेल. सकाळी पाहिल्यामुळं पुढं काय आहे ते मला माहीत होतं: दार आपटतं, मुलगी बाहेर जाते, नदीकाठचा लांब शॉट, आणि मग ती वळून बापाला हाक मारते. मी थांबलो. पन्नासेक सेकंद असतील. दार आपटलं. नदी आली. मी स्पीकॉन फिरवला. 'मामा!' माझ्या कानापासून हातभर अंतरावर. हॉलमधून एक आवाज आला, उसासा म्हणा, हुंकार म्हणा. असा आवाज मी थिएटरात फार वर्षांत ऐकला नव्हता.

बाहेर आलो तर डोअरकीपर मामा दाराशी उभे. "मलाच बोलावलं की," म्हणाले.

माझ्या जुन्या थिएटरात एक्सायटर लॅम्प, म्हणजे रिळावरचा आवाज वाचणारा दिवा, गेला की दोन सेकंदांत पब्लिक 'आवाज! आवाज!' करायचं. पाचव्या सेकंदाला शिट्ट्या, दहाव्याला माझ्या आईचा उद्धार. चीड यायची, पण तेवढा भरवशाचा मॉनिटर मला पुन्हा मिळाला नाही. महोत्सवाचं पब्लिक ओरडत नाही. त्यांचाही दोष किती म्हणायचा? फ्रेंच दिग्दर्शक गोदारनं १९६४ साली एका सिनेमात पात्रं एक मिनिट गप्प बसायचं ठरवतात म्हणून साउंडट्रॅकच बंद केला. 'द झोन ऑफ इंटरेस्ट' सुरू होतो तोच काळ्या पडद्यावर. नुसतं संगीत, चित्र नाही. तो दाखवताना मी स्वतः प्रोजेक्टरचा उजेड तपासायला उठलो होतो. सनडान्सला २०२५मध्ये मोठं पारितोषिक मिळवणाऱ्या आपल्या 'साबर बोंडं'मध्ये पार्श्वसंगीतच नाही. दरवर्षी असे चार सिनेमे येतात, त्यामुळं बिघाड कुठला आणि कला कुठली हे विचारायची लोकांना लाज वाटते. शेजारचा हसेल. ज्यांच्या गळ्यात डेलिगेट कार्ड नाही तेवढेच विचारतात.

प्रश्नोत्तरांना मी मागं उभा होतो. दिग्दर्शिका शो सुरू करून देऊन जेवायला गेली होती, शेवटाला परत आली. त्यामुळं तिनं काही ऐकलं नव्हतं. पहिल्याच प्रश्नाला फिल्म क्लबचे एक ज्येष्ठ गृहस्थ उठले. वाचलेला माणूस, मला आवडतात ते. म्हणाले, पहिला भाग तुम्ही जवळजवळ मूक ठेवलात, घरातली माणसं बोलतात पण एकमेकांना ऐकू जात नाहीत, आणि पहिला मानवी आवाज म्हणजे ती नदीवरची हाक. हा निर्णय कुठल्या टप्प्यावर झाला, लिहिताना की एडिटिंगला? टाळ्या पडल्या. तीनशे माणसांच्या, मनापासून.

दुभाष्या मुलीनं इंग्रजीत सांगितलं. दिग्दर्शिकेनं पुन्हा विचारलं. मुलीनं पुन्हा सांगितलं. मग ती बाई काही क्षण हॉलकडं बघत राहिली आणि नंतर वर, केबिनच्या काचेकडं. मी तिथं नव्हतो, अंधारात खाली उभा होतो. मग ती माइकमध्ये एवढंच बोलली, "मला माझा सिनेमा पुन्हा बघायला हवा." लोकांना तो विनय वाटला. आणखी टाळ्या.

तेव्हाच हात वर करून सांगायला हवं होतं. नाहीतर निदान बाहेर जाऊन. पोर्चमध्ये गाडी उभी होती, आयोजक घाई करत होते, त्यातल्या एकाला मी बाजूला घेऊन सांगितलं तर तो म्हणाला, "अहो, लोक खूश आहेत ना? मग?" त्या 'मग?'ला माझ्याकडं उत्तर नव्हतं. गाडी गेली.

लोकांना तो सिनेमा तिच्या आवाजाशिवाय जास्त भिडला असेल का, हा प्रश्न मला तितका छळत नाही. असेलही. मला छळतात ते पन्नास सेकंद. बिघाड झाला ती चूक सत्कारवाल्यांची, हॉलमध्ये उभा राहिलो नाही ती माझी, इथवर हिशोब लागतो. पण वायर हातात असताना कुठं लावायची ते मी निवडलं. चांगली जागा निवडली, हेही मला कळत होतं. तीस वर्षं दुसऱ्यांचे सिनेमे दाखवले, एक फ्रेम इकडची तिकडं होऊ दिली नाही. रिळाच्या जमान्यात उजव्या कोपऱ्यात ठिपका दिसला की चेंजओव्हर, म्हणजे दुसऱ्या प्रोजेक्टरवर पुढचं रीळ सुरू, ना आधी ना नंतर. आणि एका संध्याकाळी मी एका बाईच्या सिनेमाला हात घातला, त्याला टाळ्या मिळाल्या, आणि त्या मला आवडल्या.

हार्ड डिस्क दुसऱ्या दिवशी पुढच्या महोत्सवाला कुरियरनं गेली. पेटीवर तिच्या ऑफिसचा ईमेल होता, मी तो लिहून घेतलाय. मेल दोनदा लिहायला घेतली. पहिल्यांदा फार तांत्रिक झाली, दुसऱ्यांदा फार माफीची.

त्या रात्री नेहमीप्रमाणं लॉगबुक भरलं. शो क्रमांक, सुरू होण्याची वेळ, फेडर ६.५. शेवटच्या रकान्यात लिहायचं असतं, 'प्रेक्षकांकडून आलेल्या तक्रारी'. मी तिथं 'नाही' लिहिलं. मामांकडं पास नव्हता.