मामाच्या वावरातला त्रिशंकू

भाचा नेदरलँड्सहून आला तो बॅगेत कपडे कमी आणि कॅमेऱ्याचं सामान जास्त घेऊन. जन्म तिकडचा, वय तेवीस, ताऱ्यांचं वेड. पण तिकडच्या रात्री म्हणजे काचेच्या हरितगृहांच्या उजेडानं नारिंगी झालेले ढग. शिवाय ५२ व्या अक्षांशावर अगस्त्याचा तारा कधी उगवतच नाही. आपल्याकडे फेब्रुवारीत ऐन जेवणाच्या वेळी तो दक्षिणेला असतो, आणि आपण अंगणात हात धुऊन आत येतो. "मामा, मला दक्षिणेचं आकाश पाहिजे," एवढीच त्याची फर्माईश.

तारीख पंचांगातून काढली. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची, म्हणजे अमावस्या लागूनच. चंद्राची कटकट नाही, थंडी सरत आलेली. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळणं मार्चमध्ये सुरू होतं. मग धूर आणि धूळ मिळून क्षितिजाजवळचं आकाश खाऊन टाकतात. बाहेरदेशातून तिकीट काढणाऱ्यांनी सुट्टीआधी अमावस्या बघावी. कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेतच लागतात.

पहिली रात्र पेंचला. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. सिल्लारी, वाघोडा, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून बसवलेत. वाघोली तलावाजवळ आकाश बघायची सोय आहे, दुर्बीणही आहे. आधी चौकशी करून, नाव नोंदवूनच जा. मुलंबाळं सोबत असतील, पहिल्यांदाच आकाश बघणार असाल, तर दुसरीकडे जाऊच नका. पण आमच्यासारख्यांना दोन अडचणी. वाघाच्या मुलखात पहाटेपर्यंत ट्रायपॉड लावून बसता येत नाही, आणि तसंच असायला हवं. दुसरं म्हणजे दक्षिणेला नागपूर. मृग, कृत्तिका, व्याध झकास दिसले, पण अगस्त्याच्या खाली उजेडाची फिकी साय पसरलेली.

म्हणून दुसऱ्या दिवशी पेंचवरून येणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग धरून नागपूर, हिंगणघाट करत पांढरकवड्याकडे उतरलो. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात चुलतभावाचं वावर आहे. इथून दक्षिणेला जवळ मोठं शहर नाही, आणि अक्षांश जवळपास २०. म्हणजे ध्रुव उत्तरेला फक्त २० अंशांवर, नेदरलँड्सपेक्षा ३२ अंश खाली, आणि दक्षिणेकडची तेवढीच जास्तीची पट्टी आपल्या पदरात.

कॅमेऱ्याआधी वावराचं सांगतो. रानडुकरांपासून पीक वाचवायला इथं बहुतेकांनी झटका मशीनच्या तारा लावल्यात. त्या मशीनचा झटका जीव घेत नाही, पण कुणी चोरून थेट लायनीचा करंट सोडलेला असला तर घेतो. हे बेकायदा आहे, तरी माणसं त्यात मेलीत. उजेड असतानाच मालकाला घेऊन फिरा, बसायची जागा ठरवा आणि रात्री तिथून हलू नका. अंधारात दुसऱ्याचा धुरा, म्हणजे बांध, ओलांडायचा नाही म्हणजे नाही. टिपेश्वरचं वाघांचं जंगल लांब नाही. आम्ही गाडी चार पावलांवर उभी केली होती.

आठच्या सुमाराला अगस्त्य डोक्यावर आला, म्हणजे त्याच्या परीनं, सतराएक अंश. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. शेजारच्या वावरातले आजोबा जागलीला आले होते, ते म्हणाले, "काहून रे बाप्पा, झोप नाही का तुमाले?" मग सप्तर्षी वर आल्यावर त्यांनीच आम्हाला शिकवलं: "ते बाज हाय. चार खुरं. मांगं तीन चोर. बुढीची बाज नेऊन रायले." भाच्याला भारी वाटलं. गोंडांच्या आकाशज्ञानावर मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी २०१३ साली अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही ही बाज आणि हे चोर आहेत.

दोनच्या सुमाराला त्रिशंकू, चार ताऱ्यांचा तो क्रूस, दक्षिणेला उभा राहतो. त्याचा सगळ्यात खालचा तारा सात अंशांवर, म्हणजे बांधावरच्या पळसाच्या उंचीचा. त्यासाठीच तर आलो होतो. आणि नेमकी दीडला लाईन आली! गव्हाच्या ओलिताची पाळी, तीन फेजची रात्रीची लाईन, मोटर सुरू आणि मोटरीच्या खोलीवरचा बल्ब लख्ख. पहिले चाळीस फोटो पांढरे. आजोबांनीच जाऊन बल्बवर टोपलं घातलं. तेव्हा, त्या आठवड्यात लाईन दिवसा आहे की रात्री ते गावात विचारा, आणि मोटरीची खोली पाठीमागे येईल असं बसा.

फोटोचं गणित सोपं. भाच्याकडे १४ मिमी लेन्स, एफ २.८, आयएसओ ३२००, २० सेकंद. माझ्या जुन्या कॅमेऱ्यावर सोबत आलेलीच १८-५५. तिला १८ वर ठेवून १५ सेकंद, त्यापुढे ताऱ्यांच्या रेघा होतात. फोकस हातानं, व्याधावर, स्क्रीनवर मोठं करून. मग रिंगला चिकटपट्टी. मी पट्टी लावली नाही आणि अर्धी रात्र धूसर तारे गोळा केले. टॉर्चला लाल जिलेटीन बांधा. डोळ्यांना अंधार सरावायला अर्धा तास लागतो, आणि मोबाइल एकदा उघडला की तो अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून.

ओलिताच्या वावरात पहाटे दव किती पडतं हे मी विसरलो होतो. चारला भाच्याची लेन्स दुधाळ झाली. शेकोटीवर मीठ गरम केलं, फडक्यात पुरचुंडी बांधली आणि लेन्सच्या कडेला धरली, गुडघ्याला शेक देतात तशी. काचेला लावायची नाही. दहा मिनिटांत साफ.

साडेतीन ते सव्वापाच ही खरी वेळ. ज्येष्ठा, मूळ, नांगीसकट अख्खा वृश्चिक आणि त्याला टेकून आकाशगंगेचा जाड पट्टा. आकाशगंगेचा हा मध्य नेदरलँड्समध्ये फार तर ९ अंश वर येतो, इथं चाळीसच्या पुढं चढतो.

मधे एक उपग्रह सरकत गेला. "हा पडन का?" आजोबांनी विचारलं. प्रश्न वेडा नाही. २ एप्रिल २०२२ ला, ऐन पाडव्याच्या संध्याकाळी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत आकाशातून धातूचं भलंमोठं कडं पडलं होतं. चिनी रॉकेटचा तुकडा.

सगळ्यात चांगल्या फोटोत खाली एक वाकडी पिवळी रेघ आहे: आजोबा बारं, म्हणजे पाण्याची वाट, फिरवायला बॅटरी घेऊन गेले ती. भाचा ती पुसायला तयार नाही. स्क्रीनवर आजोबांना दाखवला, तर त्यांनी आकाशाकडे पाहिलंच नाही. "पाणी तं तिसऱ्या सरीतच तुंबलं दिसते," म्हणाले आणि फावडं घेऊन गेले.