आईच्या पायाची नस आणि दोन वर्षांची मुदत

शुक्रवार, रात्री

ओरोसच्या जिल्हा ग्राहक आयोगात आज आईची तक्रार दाखल झाली. तक्रारदार म्हणून तिचं नाव, सामनेवाले म्हणून हॉस्पिटल. झोप येत नाही, म्हणून सगळं लिहून ठेवते.

आईला तापासाठी तालुक्याच्या एका खाजगी हॉस्पिटलात ठेवलं होतं. ताप उतरला, उद्या घरी सोडतो म्हणाले. त्या संध्याकाळी कमरेत इंजेक्शन दिलं आणि ती किंचाळली. डाव्या कुल्ल्यापासून तळपायापर्यंत एकच कळ गेली. मी खाटेशीच उभी होते. इंजेक्शन देणारी मुलगी म्हणाली, "होतं असं, जरा चोळा." सकाळी आईला पाऊल वर उचलता येईना.

डॉक्टर याला फूट ड्रॉप म्हणतात. घरात काय दिसतं, तर डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि तिला पत्ताच नसतो, ती तशीच पुढे गेलेली असते. खळ्यातून पडवीत यायला जांभ्याच्या पायऱ्या आहेत. अंगठा पायरीच्या कडेला अडकतो म्हणून गुडघा उंच उचलायचा आणि पाऊल आपटत चढायचं. पाय सुन्न, त्यामुळे अंगठ्याचं रक्त तिच्याआधी आम्हालाच दिसतं. पावसात खळ्यात शेवाळ धरलं की तिला एकटीला सोडवत नाही.

गुण आला नाही म्हणजे डॉक्टर चुकले असं होत नाही, हे मला मान्य आहे, कायदाही तेच सांगतो. पण कमरेत इंजेक्शन द्यायचं तर कुल्ल्याचे मनात चार भाग करायचे आणि वरच्या, बाहेरच्या भागात सुई टोचायची, कारण सायटिक नस, म्हणजे रक्तवाहिनी नव्हे तर पायाचा मोठा मज्जातंतू, खालून, आतल्या अंगाने जाते. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना हे सुरुवातीलाच शिकवतात. फोंडाघाट चढून कोल्हापूरला गेलो आणि नसांची तपासणी केली. इजा नीट दिसायला साधारण तीन आठवडे जावे लागतात, म्हणून तेवढे थांबलो. सायटिक नसेला कुल्ल्याजवळ इजा, असं रिपोर्टात स्पष्ट आलं.

गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. त्यांचंही कळतं. रात्री-अपरात्री दार उघडणारे डॉक्टर आपल्याकडे किती थोडे आहेत! त्यांच्याशी वाकडं घ्यायला कोण तयार होईल? मला काळजी वाटते ती दुसऱ्या सल्ल्याची, आणि तो अगदी मायेने दिला जातो: नस भरून येऊ दे, मग बघू.

फिजिओथेरपिस्ट म्हणाले, नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मी शिवणाची टेप काढून आईच्या कुल्ल्यापासून गुडघ्याखालच्या, पाऊल उचलणाऱ्या स्नायूपर्यंत मोजलं. सगळं नीट झालं तरी दीड वर्षावर जातं. ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीची मुदत दोन वर्षांचीच. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण दाखवावं लागतं. दाखल रुग्णाचे कागद जपायचं बंधनही उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचं. बरं वाटायची वाट बघणारा माणूस तिथेच हरतो.

म्हणून कागद आधी मागितले. लेखी अर्ज, त्यावर पोच. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात. त्या संध्याकाळच्या नोंदीत औषधाचं नाव आहे, मात्रा आहे, वेळ आहे. कुठल्या बाजूला दिलं ते नाही. कोणी दिलं ते नाही, सही नाही. आणि त्याखालच्या ओळीत, 'पेशंटची काही तक्रार नाही.' ती ओळ वाचून माझे हात थरथरायला लागले. मी तिथे होते. मी तिचा आवाज ऐकलाय.

मामा म्हणत होता, पोलिसात द्या. वकिलांनी नको म्हटलं. २००५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून फौजदारीसाठी निष्काळजीपणा फारच गंभीर असावा लागतो आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं निष्पक्ष मत लागतं. शिवाय त्या मुलीला तुरुंगात बघायची माझी मुळीच इच्छा नाही. ती शिकलेली होती का, तिची नोंदणी होती का, तिच्यावर देखरेख कोणाची होती, हे हॉस्पिटलने सांगावं.

पैसे भरून घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे १९९५ पासून पक्कं आहे. सगळ्यांवर फुकट उपचार करणाऱ्या सरकारी दवाखान्यात हे घडलं असतं तर दिवाणी दावा लावावा लागला असता. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली शस्त्रक्रियेत एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. घरच्यांनी लावलेल्या दाव्याचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागला १९९६ साली. वकिलांनी हे सांगितलं तेव्हा आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "माका पैशे नको. काय झाला ता कोणी तरी सांगाक व्हया."

वरच्या आळीतल्या काकूंचं ऑपरेशन कोल्हापूरला बिघडलं. त्यांना वाटतं, आता कोल्हापूरच्या खेपा घालाव्या लागणार. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते आणि बिल पाच लाखांच्या आत असेल तर फीही नाही. उद्या सकाळी जाऊन सांगते.

आता तक्रार स्वीकारायची सुनावणी, मग त्यांना नोटीस. ती मिळाल्यापासून ३० दिवसांत त्यांनी लेखी म्हणणं द्यायचं, फार तर आणखी १५. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलंय. ते म्हणणं हातात आलं की मी आधी एवढंच बघणार आहे, त्या संध्याकाळी इंजेक्शन देणारीचं नाव त्यात आहे की नाही.