गोळी रोज चालू, तरी टीएसएच का वाढला?

तुम्ही विचारलंत म्हणून. (टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा पिच्युटरीचा हार्मोन; थायरॉइडचा हार्मोन कमी पडला की तो वाढतो.) प्रश्न बहुतेक वेळा असाच असतो: "थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घेते. मागच्या वेळी टीएसएच ३ होता, आता ८ आलाय. डोस वाढवायचा का?"

वाढवावा लागेलही, पण ते डॉक्टर ठरवतील. त्याआधी गोळी कशी घेता ते तपासा. थायरॉक्सिन (म्हणजे हीच गोळी) उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायचं आणि चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. आपल्याकडे घोळ बहुधा इथेच होतो, कारण डोळे उघडले की आधी चहा लागतो. दुसरा घोळ कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचा. थायरॉक्सिन त्यांना आतड्यातच चिकटतं आणि न शोषता निघून जातं, म्हणून मध्ये ४ तास हवेत. सकाळ जमतच नसेल तर रात्री जेवणानंतर ३ तासांनी घ्या, पण मग रोज तेव्हाच. एखादा दिवस चुकला तर घाबरू नका, आठवेल तेव्हा घ्या. या औषधाची निम्मी मात्रा शरीरातून जायला सुमारे ७ दिवस लागतात.

त्याच कारणाने डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवडे तपासणी करू नये. पंधरा दिवसांत केलेला टीएसएच जुन्या आणि नव्या डोसची खिचडी दाखवतो, आणि त्यावरून पुन्हा डोस बदलला की गाडी कधीच स्थिरावत नाही.

रक्त सकाळी, गोळी घेण्याआधी द्या, शक्यतो दर वेळी त्याच लॅबमध्ये. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो. गोळीनंतर काही तास फ्री टी४ (रक्तात मोकळं फिरणारं थायरॉक्सिन) उगाच चढलेला दिसतो. केसांसाठी बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) घेत असाल तर निदान २ दिवस आधी थांबवा. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त येतो, आणि चांगला चाललेला डोस कमी केला जातो.

लॅबच्या पॅकेजमधल्या टी३ (थायरॉइडचा दुसरा हार्मोन), टी४, टीएसएचपैकी गोळी चालू असताना मुख्य आकडा टीएसएचचाच. तो जास्त म्हणजे औषध कमी पडतंय. (पिच्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा आजार असेल तर मात्र टीएसएचवर विसंबता येत नाही, फ्री टी४ बघावा लागतो.) गरोदरपणात किंवा संततिनियमनाच्या गोळ्यांवर एकूण टी४ (प्रथिनांना चिकटलेलं धरून) तसाही वाढलेला दिसतो. टीएसएच जास्त आणि फ्री टी४ मात्र भरपूर, असा रिपोर्ट आला की पहिली शंका हीच: आधी गोळ्या चुकल्या आणि तपासणीच्या आठवड्यात नेमाने घेतल्या.

दिवस गेल्याचं कळलं तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गरज साधारण पाव ते एक तृतीयांशाने वाढते. अनेक डॉक्टर आठवड्याला ७ऐवजी ९ गोळ्या घ्यायला आधीच सांगून ठेवतात.